मरिया आणि तारण : प्रॉटेस्टंट आक्षेपांपैकी कुठले टिकतात, कुठले चुकीच्या पत्त्यावर जातात?

नगरकर_७ :

आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीतल्या तरुण गटासाठी दीड-दीड तासाची दोन सत्रं बांधायची आहेत. विषय : मरियेबद्दलची कॅथलिक शिकवण आणि तिचा तारणाशी जोडलेला संबंध. जवळच्या कॅथलिक पॅरिशमधले सात-आठ जणही बसणार आहेत, त्यामुळे 'ते मरियेची पूजा करतात' एवढ्या भांडवलावर वर्ग चालणार नाही. हाताशी असलेल्या जुन्या टिपणात सहा आक्षेप आहेत :

१. कॅथलिक मरियेची पूजा करतात.
२. देव आणि मानव यांच्यात मध्यस्थ एकच (१ तीमथ्य २:५), मग मरिया मध्यस्थ कशी?
३. 'सर्वांनी पाप केले आहे' (रोम ३:२३) आणि मरिया स्वतः देवाला 'माझा तारणारा' म्हणते (लूक १:४७), मग ती निष्पाप कशी?
४. येशूला भाऊ-बहिणी होत्या (मार्क ६:३), म्हणजे ती कायम कुमारी नव्हती.
५. तिला देहासकट स्वर्गात घेतलं हे बायबलात नाही.
६. कॅथलिकांच्या मते तारण कर्मांनी मिळतं, आणि त्यात मरियेच्या पुण्याचाही वाटा असतो.

जाणत्या कॅथलिकापुढे यातले कुठले टिकतील आणि कुठले पहिल्याच उत्तरात आडवे होतील? कशाला किती वेळ द्यावा?

---

सुधारणावादी :

क्र. १ आहे तसा टिकत नाही. क्र. ४ बाजूला ठेवा, कारण त्यावर कुणाचं तारण अडत नाही, शिवाय तिथे आपलेच पूर्वज आपल्या विरोधात उभे आहेत. लूथर आणि झ्विंग्ली दोघंही मरियेला शेवटपर्यंत कुमारीच मानत होते. लूथरच्या श्माल्काल्ड लेखांच्या (त्याने लिहिलेल्या विश्वासाच्या मुद्द्यांच्या) लॅटिन पाठात तिच्यासाठी 'सदाकुमारी' हा शब्द आहे. कॅल्विनने तर या चौकशीत खोल शिरायचंच नाकारलं.

सत्राची सुरुवात फळ्यावर चार ओळी लिहून करा, पुढे गोंधळ होत नाही :

देवमाता – इफिस परिषद, ४३१
सदाकुमारी – जुनी परंपरा. लॅटरन सभेचा ठराव, ६४९
निष्कलंक गर्भसंभव (गर्भातल्या पहिल्या क्षणापासून आदिपाप, म्हणजे आदामापासून आलेलं पाप, नसणं) – पोप पायस नववे, ८ डिसेंबर १८५४
देह-आत्म्यासह स्वर्गात घेतलं जाणं – पोप पायस बारावे, १ नोव्हेंबर १९५०

पहिली ओळ आपलीही आहे. 'देवमाता' हा किताब मरियेपेक्षा येशूबद्दल जास्त सांगतो : तिच्या पोटी जो जन्मला तो खरोखर देव होता. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याला 'ख्रिस्तमाता' एवढंच म्हणायचं होतं, आणि परिषदेने ते फेटाळलं. वर्गात कुणी 'देवाला आई कशी असेल?' म्हणून हसलं तर त्याला सांगा, हा प्रॉटेस्टंट आक्षेप नाही; हा नेस्टोरियसचा आक्षेप आहे आणि त्याचा निकाल ४३१ मध्येच लागला.

खरा वाद तिसऱ्या-चौथ्या ओळीचा. तिथे नुसतं 'बायबलात नाही' म्हटलंत तर समोरून उत्तर तयार असतं : 'त्रैक्य' हा शब्द तरी कुठे आहे? नव्या करारातली २७ पुस्तकं कुठली, ही यादी तरी कुठल्या पुस्तकात आहे? म्हणून क्र. ५ पुन्हा लिहा : जे प्रेषितांनी शिकवल्याचा पुरावा मिळत नाही, ते मानणं *सक्तीचं* करण्याचा अधिकार कुणाला?

इथे तारणाचा संबंध थेट येतो. १८५४ च्या फर्मानाच्या शेवटी म्हटलंय की जो मनात याहून वेगळं धरेल त्याच्या विश्वासाचं तारू फुटलं आणि तो ख्रिस्तसभेच्या ऐक्यातून तुटला. १९५० च्या फर्मानातही तसंच : जाणूनबुजून नाकारणारा दैवी आणि कॅथलिक विश्वासापासून पूर्णपणे ढळला. एका स्त्रीचा गर्भसंभव आणि तिच्या देहाचं पुढे काय झालं, ही दोन विधानं त्यामुळे विश्वासाच्या कसोटीत जाऊन बसली. मरिया आणि तारण यांची गाठ इथे आहे. लोक ती मरियेच्या जत्रेत शोधत बसतात.

पुरावा एकच द्यायचा तर सलामिसचा बिशप एपिफानियस द्या. चौथ्या शतकातला, मूळचा पॅलेस्टाइनचा. तो लिहितो की मरियेचा शेवट कसा झाला हे कुणालाच ठाऊक नाही. तिला देहासह नेल्याच्या कथा हाताशी येतात त्या साधारण पाचव्या-सहाव्या शतकापासून.

ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचाही एका वाक्यात उल्लेख करा. मरियेच्या 'निद्रे'चा (म्हणजे मृत्यूचा) सण त्या थाटाने पाळतात, तिला देहासह नेलं असं गातातही. पण रोमने ते बंधनकारक केलं हे त्यांना मान्य नाही. आशय आणि अधिकार हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे यावरून पोरांना पटकन कळतं.

---

वसईचा_वाचक :

अधिकाराचा मुद्दा नेमका मांडलाय. त्यावरचं कॅथलिक म्हणणं खाली येईलच, आधी क्र. १ आणि २ घेऊ.

मराठीत या भांडणाचा निम्मा दोष 'भक्ती' या शब्दाचा आहे. कॅथलिक घरात 'मरियेची भक्ती' म्हणजे रोझरी (जपमाळ), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), तिच्या सणाची मिस्सा. प्रॉटेस्टंट कानाला भक्ती म्हणजे उपासना, आणि ती एकट्या देवाची. दोघं एकच शब्द उच्चारतात आणि दोन गोष्टी ऐकतात. कॅथलिक परंपरेत यासाठी ग्रीकमधून घेतलेले वेगवेगळे शब्द आहेत : 'लात्रिया' म्हणजे आराधना, फक्त देवाची, 'दुलिया' म्हणजे संतांना दिला जाणारा मान, मरियेला त्यातला सर्वांत वरचा, 'हिपरदुलिया'. प्रतिमांच्या वादात ७८७ च्या नायसिया परिषदेने आराधना आणि वंदन वेगळं केलं तेही याच रेषेवर. वर्गात 'भक्ती' आणि 'पूजा' हे शब्द फळ्यावर लिहून सगळ्यांदेखत खोडून टाका आणि दीड तास 'आराधना' आणि 'सन्मान' एवढेच दोन वापरा. अर्धी धग तिथेच उतरते.

वर ज्या एपिफानियसची साक्ष काढली आहे त्याचीच दुसरी साक्षही नोंदवून ठेवा. त्याच्या काळी काही बाया मरियेच्या नावाने भाकरी अर्पण करत. त्याने त्यांना फटकारलं : मरियेला मान द्या, आराधना पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याची करा.

एवढं झाल्यावर कॅथलिकाने एक गोष्ट कबूल करायला हवी. पुस्तकातला हा फरक गुडघे टेकणाऱ्याला दर वेळी माहीत असतोच असं नाही. सप्टेंबरात बांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हात, पाय, घर, बाळ वाहिलं जातं. वाहणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ. तिथे मरियेला 'प्रार्थना कर' म्हटलं जातं की 'दे' म्हटलं जातं? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या ख्रिस्तसभेवरील संविधानात (परिच्छेद ६७) उपदेशकांना दोन्हींकडून सावध केलंय : अतिशयोक्ती नको, कोतेपणाही नको. तेव्हा क्र. १ असा लिहा : 'तुमची शिकवण फरक करते, पण तुमच्या प्रार्थना आणि गाणी तो पाळतात का?' हा प्रश्न चुकवता येत नाही.

आता क्र. २. पाचवी ओवी एकटी वाचली की आक्षेप अभेद्य वाटतो. अध्याय पहिल्या ओवीपासून वाचा. पौल तिथे सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी करायला सांगतो आणि मगच 'एकच मध्यस्थ' म्हणतो. म्हणजे दुसऱ्यासाठी विनवणी केल्याने ख्रिस्ताच्या एकमेवपणाला बाध येतो असं त्याला वाटत नव्हतं. व्हॅटिकनच्या त्याच संविधानात परिच्छेद ६० ची सुरुवातच या ओवीने होते, आणि ६२ मध्ये म्हटलंय की मरियेला लावलेल्या कुठल्याही किताबाने एकमेव मध्यस्थ ख्रिस्ताच्या थोरवीत काही उणं होत नाही आणि भरही पडत नाही.

हे सहज घडलेलं नाही. मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढायचा की ख्रिस्तसभेवरच्या दस्तऐवजात तिच्यावर एक प्रकरण ठेवायचं, यावर २९ ऑक्टोबर १९६३ ला मतदान झालं : प्रकरणाच्या बाजूने १,११४, विरोधात १,०७४. फरक ४० मतांचा. कॅथलिक एकमुखाने मरियेला वर चढवत नेतात असं ज्याला वाटतं, त्याला हा आकडा दाखवा.

अलीकडचंही जोडा. 'सहतारिका' (तारणात ख्रिस्ताची सहभागी) हा किताब जाहीर करावा म्हणून कित्येक दशकं अर्ज जात होते. ४ नोव्हेंबर २०२५ ला रोमच्या विश्वास-सिद्धांत विभागाने पोप लिओ चौदावे यांच्या संमतीने टिपण काढलं : मरियेचं सहकार्य सांगायला हा किताब वापरणं उचित नाही. 'सर्व कृपांची मध्यस्थिनी' याबद्दलही त्यात सावधगिरी आहे. २०२५ आधीचं टिपण घेऊन वर्गात गेलात तर इथे हटकून पाय घसरेल.

---

सुधारणावादी :

क्र. २ वर थोडं ताणतो. '१ तीमथ्य २:१ मध्ये माणसं एकमेकांसाठी प्रार्थना करतातच' हे उत्तर अर्ध्या आक्षेपाला पुरतं. मरिया मंडळीसाठी प्रार्थना करत असेल, हे लूथरचा सहकारी मेलांख्थॉन यानेही १५३१ मध्ये लूथरनांच्या ऑग्सबर्ग विश्वासपत्राच्या समर्थनात नाकारलेलं नाही. त्याचा प्रश्न पुढचा होता : मरणाच्या घडीला आत्मे स्वीकारते ती मरिया का? मरणावर जय मिळवते ती का? ती हे सगळं करत असेल तर ख्रिस्त काय करतो? १५३० च्या विश्वासपत्राचा २१ वा लेखही तसाच : संतांचं स्मरण करा, त्यांचा विश्वास गिरवा, पण त्यांना हाक मारायची आज्ञा शास्त्रात दाखवा.

यासाठी वर्गात एक साधा उद्योग करा. एका कागदावर तीन प्रार्थना छापा : 'नमो मरिया', 'तुझ्या आश्रयाला' ही प्राचीन प्रार्थना आणि 'नमो राणी'. पेन्सिल द्या आणि फक्त क्रियापदं आणि मरियेला लावलेली विशेषणं यांखाली रेघ मारायला सांगा. पहिलीत लूक १:२८ आणि १:४२ मधलं अभिवादन, मग 'आम्हां पाप्यांसाठी प्रार्थना कर'. हा उत्तरार्ध रोमच्या प्रार्थनाग्रंथात पक्का झाला तो १५६८ मध्ये. दुसरीत 'सर्व संकटांतून आम्हाला सोडव'. तिसरीत मरियेला 'आमचं जीवन, आमचं माधुर्य, आमची आशा' म्हटलंय. 'प्रार्थना कर' ते 'सोडव' ते 'आमची आशा' ही चढण क्रियापदं आणि विशेषणंच दाखवतात, तुम्हाला भाषण करावं लागत नाही. कॅथलिक म्हणतील की हे काव्य आहे, आणि 'सोडव'चा अर्थ 'विनवणी करून सोडव' असा घ्यायचा. ठीक. पण मग वादाचा मुद्दा कागदावर असतो, एकमेकांच्या हेतूंवर नाही.

---

कच्चं_ग्रीक :

क्र. ३ आणि ४ मध्ये दोन्ही बाजू शब्दांवर झेपेल त्याहून जास्त ओझं टाकतात.

लूक १:२८ मधला शब्द 'केखारितोमेने'. 'खारितोओ' म्हणजे कृपा करणे. त्याचं पूर्णकालवाचक कर्मणी कृदंत, स्त्रीलिंगी. शब्दशः : 'जिच्यावर कृपा झालेली आहे अशी'. मराठी पवित्र शास्त्रातलं 'कृपा पावलेली' याच्या अगदी जवळ जातं. 'कृपापूर्ण' हे लॅटिन बायबलच्या वळणाने आलं. ग्रीकमध्ये 'कृपेने पूर्ण' म्हणायला वेगळे शब्द आहेत, आणि ते योहान १:१४ मध्ये येशूसाठी तर प्रेषितांची कृत्ये ६:८ मध्ये स्तेफनासाठी आलेत. शिवाय 'खारितोओ' हेच क्रियापद इफिसकरांस १:६ मध्ये सगळ्या विश्वासणाऱ्यांना लावलंय. म्हणजे या एका कृदंतातून 'गर्भात पहिल्या क्षणापासून पापाविना' हे निघत नाही. तसंच 'हे नुसतं नमस्काराचं वाक्य' म्हणून झटकताही येत नाही. देवदूत तिला नावाने हाक मारण्याऐवजी या शब्दाने हाक मारतो.

उत्पत्ती ३:१५ मध्ये सापाचं डोकं कोण ठेचणार? हिब्रूत 'संतान'. जुन्या लॅटिन बायबलात मात्र 'ती' असा पाठ रूढ झाला, आणि पायाखाली साप असलेल्या मरियेच्या मूर्तीमागे तो आहे. आज रोमच्याच अधिकृत नव्या लॅटिन आवृत्तीत ते सर्वनाम संतानाला जोडलंय. ही दुरुस्ती त्यांनी स्वतः केली आहे, तेव्हा तिचा आक्षेप करू नका.

रोम ३:२३ मधलं 'सर्वांनी' घेऊन क्र. ३ मांडलात तर प्रतिप्रश्न येईल : मग येशू? जन्मताच गेलेलं मूल? पौलाच्या वाक्याला अपवाद तुम्हीही मानता. लूक १:४७ मात्र भक्कम आहे आणि त्याचं कॅथलिक उत्तर आधी नीट समजून घ्यायला हवं. तेराव्या शतकातला थोर कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस याच कारणासाठी निष्कलंक गर्भसंभव मानत नव्हता : मरियेला आदिपाप कधी शिवलंच नसेल तर तिला ख्रिस्ताच्या तारणाची गरजच उरली नसती. त्याआधी बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या मठाधिपती बर्नार्डने लिओंच्या धर्मगुरूंना मरियेच्या गर्भसंभवाच्या सणाबद्दल खरमरीत पत्र लिहिलं होतं. पुढे वाट काढली फ्रान्सिस्कन पंडित डन्स स्कोटसने : विहिरीत पडलेल्याला वर काढणं हे तारण, आणि पडण्याआधी हात धरणं हेही तारणच, उलट जास्त पूर्ण. १८५४ चं फर्मान तेच धरून म्हणतं की हे घडलं ते ख्रिस्ताच्या पुण्याईकडे पाहून. म्हणून 'कॅथलिकांच्या मते मरियेला तारणाऱ्याची गरज नव्हती' असं लिहू नका, ते चूक आहे. लिहायचं ते असं : 'आधी हात धरला' ही शक्यता झाली, तसं घडलं हे कशावरून? इथे तुमच्या बाजूला खुद्द अक्वायनस बसलेला असतो.

क्र. ४ वर दोनच गोष्टी. मत्तय १:२५ मधल्या 'पर्यंत' वर इमारत उभी राहत नाही. शौलाची मुलगी मीखल हिला 'मरेपर्यंत मूल झालं नाही' (२ शमुवेल ६:२३), याचा अर्थ मेल्यावर झालं असा नाही. आणि 'भाऊ' : मराठीत चुलत, मावस, आते, मामे असे सगळे प्रकार असूनही बोलताना आपण नुसतं 'भाऊ' म्हणतो, हिब्रू-अरामीतही तसंच. पण नवा करार ग्रीकमध्ये आहे, आणि ग्रीकमध्ये चुलत-मावस भावाला 'अनेप्सिओस' हा शब्द आहे. कलस्सैकरांस ४:१० मध्ये तो वापरलाही आहे. तिचं कायमचं कुमारीपण नाकारणारा हेल्विडियस आणि ते राखणारा जेरोम यांचं यावर ३८३ च्या सुमाराला भांडण झालं, आणि तेव्हापासून नवा पुरावा फारसा निघालेला नाही. दहा मिनिटांहून जास्त देऊ नका.

---

नगरकर_७ :

क्र. १ ते ५ आता हातात आले. क्र. ६ वर कुणी बोललं नाही, आणि मला तोच सर्वांत भारी वाटतो. शिवाय 'हे गळ्यात घालून मेलेला नरकात जाणार नाही' अशा स्कॅप्युलरच्या (गळ्यात घालायच्या कापडी तुकड्यांच्या) वचनाबद्दल विचारणा हमखास होणार. त्याचं काय?

---

तळटीप :

क्र. ६ मध्ये एक पोकळ आणि एक भरीव असे दोन आक्षेप एकत्र शिवलेत. आधी उसवा.

पोकळ भाग : 'कर्मांनी तारण'. प्रॉटेस्टंटांना उत्तर म्हणून भरलेल्या कॅथलिक ट्रेंट परिषदेच्या सहाव्या सत्राचा ठराव, १३ जानेवारी १५४७. त्याचा *पहिलाच* नियम म्हणतो : ख्रिस्ताद्वारे येणाऱ्या कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं म्हणणारा शापित असो. आठव्या प्रकरणात तर स्पष्ट आहे की नीतिमान ठरण्याआधीचं काहीही, विश्वासही नाही आणि कर्मही नाही, ती कृपा कमावू शकत नाही. टिपण वाचून दाखवलंत आणि समोरच्याने हा नियम उघडला की तुमचा वर्ग संपला.

भरीव भाग त्याच यादीत पुढे आहे. नववा नियम 'केवळ विश्वासाने' हे सूत्र फेटाळतो, म्हणजे माणसाच्या बाजूने दुसरं कुठलंही सहकार्य लागत नाही अशा अर्थाने. बत्तिसावा म्हणतो की नीतिमान ठरलेल्याची सत्कर्मं कृपेची वाढ आणि सार्वकालिक जीवन *खरोखर कमावतात*. वाद सुरुवातीच्या कृपेवर नाही, नंतरच्या 'कमाई'वर आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये लूथरन जागतिक महासंघ आणि रोम यांनी 'माणूस नीतिमान कसा ठरतो' यावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्याचा गाभा : केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने, आपल्या कुठल्याही गुणामुळे नव्हे, देव आपल्याला स्वीकारतो आणि आत्मा देऊन सत्कर्मांसाठी सज्ज करतो. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघ त्यात सामील झाला. अमेरिकेतल्या मिसुरी सिनॉडसारख्या काही लूथरन मंडळ्यांनी मात्र ते मानलं नाही, तेव्हा 'वाद मिटला' असंही सांगू नका. 'नीतिमान आणि त्याच वेळी पापी' हे लूथरचं सूत्र अजून अडतंच.

आता मरियेचा वाटा. जुनं टिपण तो चुकीच्या ठिकाणी शोधतं. दोन जागा आहेत.

पहिली, पुण्याचा कोष. पोप क्लेमेंट सहावे यांच्या १३४३ च्या फर्मानापासून चालत आलेली शिकवण, आजच्या धर्मशिक्षण-ग्रंथात परिच्छेद १४७७ : ख्रिस्ताच्या अपार पुण्याईबरोबर मरियेच्या आणि संतांच्या प्रार्थना आणि सत्कर्मंही त्या कोषात मोडतात. हा कोष उघडतो तो 'दंडमाफी'साठी. लक्षात ठेवा, दंडमाफी म्हणजे पापक्षमा नव्हे. दोष आधीच क्षमा झालेला असतो. मागे राहिलेला तात्पुरता दंड, म्हणजे इथे किंवा शुद्धिस्थानात (मेल्यावर, स्वर्गाआधीच्या शुद्धीत) भोगायचा भाग, तिने कमी होतो असं मानतात. 'मरियेच्या पुण्याने पाप धुतलं जातं' असं लिहिलंत तर ती चूक. 'क्षमा झाल्यावर दंड उरतोच कसा, आणि ख्रिस्ताचं पुणं अपार असताना त्यात भर कशाला?' हा मात्र प्रॉटेस्टंट आक्षेपाचा खरा गाभा, आणि १९९९ च्या घोषणापत्राने त्याला हातही लावलेला नाही.

दुसरी, पोप पायस दहावे यांचं २ फेब्रुवारी १९०४ चं परिपत्रक. त्यात जुना विद्यालयीन भेद वापरलाय : ख्रिस्ताने जे 'हक्काने' कमावलं ते मरिया आपल्यासाठी 'औचित्याने' कमावते. हक्काची मजुरी आणि मालकाने राजीखुशीने दिलेली बक्षिसी, असा फरक धरा. कॅथलिक बाजू म्हणते, बक्षिसी मागून मजुरी कमी होत नाही. प्रॉटेस्टंट बाजू विचारते, पगारपत्रकावर दुसरं नाव आलंच कशाला? तुमच्या क्र. ६ ला खरा आधार हाच.

स्कॅप्युलर : कार्मेल संघाच्या परंपरेनुसार १२५१ मध्ये सायमन स्टॉकला झालेल्या दर्शनातलं वचन. ते धर्मसिद्धांत नाही, कुठल्याही कॅथलिकाला मानणं बंधनकारक नाही. सोबत चिकटवला जाणारा 'शनिवारचा विशेषाधिकार', म्हणजे मेल्यावरच्या शनिवारी शुद्धिस्थानातून सुटका, ज्या १३२२ च्या पोप-फर्मानावर टेकतो ते बनावट मानलं जातं. अधिकृत स्पष्टीकरणात कापडाच्या तुकड्याला आपोआप काही घडवणारी ताकद नाही. तो ख्रिस्ताला धरून जगण्याच्या वचनाची खूण आहे. आक्षेप घ्यायचाच तर असा : जे सिद्धांत नाही ते पत्रकांवर बिनशर्त हमीसारखं छापू का दिलं जातं?

वेळेबद्दल : पहिल्या सत्रात फळ्यावरच्या चार ओळी २० मिनिटं, क्र. १ आणि २ क्रियापदांच्या कागदासह ४० मिनिटं, बाकीची ३० क्र. ३ ला, त्यातच क्र. ४ उरका. दुसरं सत्र पूर्ण क्र. ५ आणि ६. पाचला ३५ मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर सहा नेहमीप्रमाणे शेवटच्या दहा मिनिटांत गुंडाळला जातो आणि पोरं 'कर्म विरुद्ध विश्वास' एवढंच डोक्यात घेऊन घरी जातात.

---

वसईचा_वाचक :

अधिकारावरचं राहिलेलं. १८५४ आणि १९५० च्या फर्मानांतली ताकीद खरी आहे आणि कॅथलिकावर ती आजही लागू आहे. मात्र तिचा अर्थ 'स्वर्गात घेतलं जाणं न मानणारा प्रॉटेस्टंट तारणाला मुकला' असा लावता येणार नाही. १९६४ च्या ऐक्यविषयक आदेशात (परिच्छेद ३) म्हटलंय की वेगळ्या मंडळ्यांत जन्मलेल्यांवर फुटीच्या पापाचा आरोप ठेवता येत नाही. परिच्छेद ११ म्हणतो की सत्यांमध्ये श्रेणी असते, ख्रिस्ती विश्वासाच्या पायाशी प्रत्येकाचं नातं सारखं नसतं. सुधारणावादी यावर विचारतील, श्रेणीत खालचं असेल तर सक्ती का? कॅथलिक उत्तर असं की श्रेणी महत्त्वाची असते, खरेपणाची नसते. पटेलच असं नाही. पण पाचव्या आक्षेपाची ३५ मिनिटं याच वाक्यावर घालवा.

---

नगरकर_७ :

सगळं उतरवून घेतलं. एक बारीक शंका : पत्रकावर ८ डिसेंबरच्या ओळीखाली 'मरियेला येशूची कुमारी-गर्भधारणा झाली तो दिवस' असं छापलं गेलंय. बरोबर ना?

---

कच्चं_ग्रीक :

नाही, पत्रक परत छापा. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे मरिया स्वतः *तिच्या* आईच्या पोटी आली तो प्रसंग, आणि तेही नेहमीसारख्या आई-बापांपासून. अन्ना आणि योआकीम ही त्यांची नावं बायबलातली नाहीत, दुसऱ्या शतकातल्या एका बायबलबाह्य ग्रंथातून आली आहेत. येशूच्या गर्भधारणेचा सण २५ मार्च. तारखा मोजून बघा : २५ मार्च ते २५ डिसेंबर नऊ महिने, ८ डिसेंबर ते ८ सप्टेंबर नऊ महिने.

---

वसईचा_वाचक :

आणि ८ सप्टेंबर म्हणजे मरियेचा जन्मदिवस, ज्याच्या पुढच्या रविवारपासून बांद्र्याची ती जत्रा भरते. पत्रकात दोन्ही तारखा शेजारी-शेजारी छापा.